गाठी बांधण्याच्या प्रेसची तेलगळती : कारणे आणि इलाज

कापड बाजाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने गाठी बांधण्याचा हायड्रोलिक प्रेस पाहिलेला असतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे लूमवरून उतरलेले कापड घडी होऊन या प्रेसखाली दाबले जाते, वर गोणपाट चढते, पट्ट्या आवळल्या जातात आणि गाठ ट्रान्सपोर्टला रवाना होते. खानदेश-विदर्भातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची कापसाची गाठ अशाच दाबाने तयार होते. वखारीतील ओंडके फोडण्याचे यंत्र आणि गॅरेजमधील मोठा जॅक हेही याच घराण्यातले. टाकीतले तेल पंप उचलतो, व्हॉल्व्ह त्याला वाट देतो आणि सिलिंडरमधला रॅम तेलाच्या जोराने सरकतो. म्हणून येथे प्रेसविषयी जे लिहिले आहे, ते या सर्व यंत्रांच्या मालकांच्या आणि कारागिरांच्या उपयोगाचे आहे.

बहुतेक प्रेसखाली पत्र्याचा एक ट्रे ठेवलेला आढळतो. त्यात दिवसभर तेल ठिबकते आणि संध्याकाळी हेल्पर ते पुन्हा टाकीत ओततो. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले : "जुने यंत्र आहे, थोडे गळणारच." या 'थोडे'चा हिशोब मांडून पाहू. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर १० तासांच्या पाळीत ३६,००० थेंब, म्हणजे १.८ लिटर तेल जाते. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४५ लिटर झाले. ट्रेमधले तेल परत ओतून हा खर्च वाचतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या तेलात किती धूळ आणि सुताचा तूस मिसळला आहे ते पाहावे. तो कचरा पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये जातो, सील खरवडतो आणि गळती वाढवतो. शिवाय कोऱ्या कापडावर तेलाचा डाग पडला की माल सेकंडच्या भावात जातो. तेलात भिजलेला तूस तर आगीला आमंत्रणच आहे.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी एक ताकीद. गळती शोधण्यासाठी चालू यंत्राच्या पाइपवर हात किंवा बोट कधीही फिरवू नये. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असतो, तर अशा प्रेसमध्ये तो १५० ते २०० किलोपर्यंत जाऊ शकतो. होजला सुईच्या टोकाएवढे भोक पडले की त्यातून निघणारी तेलाची बारीक धार कातडीच्या आत शिरते. वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस फडके बांधून कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंत पसरत जाते आणि वेळ गेली तर बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. अशी जखम झाली तर तिथल्या तिथे हळद-मलम न करता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. यात तासांनाही किंमत असते. गळती पाहायची असेल तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवावा. धार असेल तर पुठ्ठा भिजतो, हात शाबूत राहतो.

कोणताही नट सैल करण्यापूर्वी मोटार बंद करून मेन स्विच काढावा. रॅम खाली टेकवावा किंवा त्याखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. मग व्हॉल्व्हचा दांडा दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब सोडावा आणि गेजचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी.

आता गळतीचे मूळ कसे शोधावे? तेल उतरणीने वाहते, म्हणून जेथे थेंब पडतो तेथे दोष असेलच असे नाही. यंत्र बंद करून सर्व जोड फडक्याने पुसून कोरडे करावेत, त्यांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरावी आणि बाजूला उभे राहून प्रेस थोडा वेळ चालवावा. जेथे पावडर सर्वात आधी ओली होते, तेथे रोग आहे.

जोडावर गळती दिसली की पाना घेऊन जोर लावणे हा आपल्याकडचा पहिला उपाय. जोड खरोखर सैल असेल तर तो चालतो. पण आवळलेल्या जोडाला आणखी आवळले तर आटे बिघडतात आणि ओ-रिंग चिरडते. सरळ आट्यांच्या जोडात तेल अडवण्याचे काम वॉशर किंवा ओ-रिंग करते, आटे करत नाहीत. तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही, उलट टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह अडवतात. होज फुगला असेल, चिरला असेल किंवा त्याची आतली तार दिसत असेल तर तो बदलावा. त्यावर रबराची पट्टी बांधणे किंवा एम-सील लावणे म्हणजे त्याच सुईच्या धारेला वाट करून देणे.

सिलिंडरच्या तोंडाशी रॅमभोवती तेल येत असेल तर सील गेले आहे. या सीलचा इतिहास कारागिरांना आवडेल. लंडनच्या जोसेफ ब्रामा याने १७९५ साली हायड्रोलिक प्रेसचे पेटंट घेतले, पण दाब वाढला की रॅमभोवतीची गळती थांबेना. त्यावर वाटीच्या आकाराच्या चामड्याच्या वॉशरचा इलाज निघाला आणि त्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या कारागिराला दिले जाते. तेलाचा किंवा पाण्याचा दाब वाटीत शिरतो, तिच्या कडा पसरवतो आणि त्या भिंतीला घट्ट चिकटतात. जितका दाब जास्त, तितकी पकड घट्ट. आजचे रबराचे यू-सील याच तत्त्वावर चालते. म्हणून ते बसवताना त्याचे उघडे तोंड दाबाच्या तेलाकडे हवे. उलटे बसवले तर नवे सीलही पहिल्याच दाबाला गळते. सील बसवताना त्याला तेल लावावे आणि ते स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ढकलू नये.

नवे सील महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेले तर दुकानदाराला दोष देण्याआधी रॅमवर नख फिरवून पाहावे, अर्थात यंत्र बंद ठेवून. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेरीत सील कापत असतो. रॅम घासून त्यावर हार्ड क्रोम करून घेतल्याशिवाय ही गळती थांबत नाही. दुसरे कारण उष्णता. तेल ६० अंश सेल्सिअसच्या आत राहिलेले उत्तम. ८० च्या पुढे गेले की रबर कडक होऊ लागते आणि तेलही लवकर खराब होते. तिसरे कारण चुकीचे तेल. कंपनीने सांगितलेला नंबर, बहुधा ४६ किंवा ६८, तोच वापरावा. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नये, त्याने साधे नायट्राइल सील फुगून निकामी होते.

एक गळती डोळ्यांना दिसत नाही. जमीन कोरडी असते, पण प्रेस पूर्वीसारखा दाबत नाही आणि गाठ ढिली बसते. अशा वेळी पिस्टनचे सील, व्हॉल्व्ह किंवा पंप यांपैकी कोठेतरी तेल आतल्या आत मागे फिरत असते. काही मिस्त्री येथे रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवतात. हा व्हॉल्व्ह यंत्राचा रक्षक आहे. तो आवळला की होज, वेल्डिंग आणि समोर उभा असलेला माणूस, तिघेही धोक्यात येतात. त्याची सेटिंग गेज लावून जाणकाराकडूनच तपासून घ्यावी.

व्यापारी बंधूंनी एवढे जरूर करावे : प्रेसजवळ एक वही टांगावी आणि टाकीत किती तेल, कोणत्या तारखेला घातले ते लिहायला लावावे. आकडा वाढू लागला की मिस्त्रीला बोलवण्याची वेळ झाली असे समजावे. आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा त्याच खिळ्याला अडकवून, तो कशासाठी आहे हे हेल्परला स्वतः समजावून सांगावे. सील बाजारात कधीही मिळते. प्रेसवर काम करणाऱ्याच्या घरची चूल मात्र त्याच्या दोन हातांवर चालते आणि ते हात सांभाळणे ही मालकाची जबाबदारी आहे.