साडेदहाचा काटा

मागच्या वर्षी मे महिन्यात माझे दीर पुण्याहून आठवडाभरासाठी आमच्याकडे सिंगापूरला आले होते. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर नदीकाठी पाय मोकळे करायला जायचं ठरलं. वाटेत ते सुपरमार्केटमध्ये शिरले आणि बिअरचे दोन कॅन उचलून त्यांनी काउंटरवर ठेवले. काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा वाजून तेहतीस मिनिटं. कॅन गेले परत फडताळात.

‘‘अहो वहिनी, फक्त तीन मिनिटं!’’ बाहेर आल्यावरही त्यांची धुसफूस चालूच होती.

‘‘कॅन मिळाले असते तरी नदीकाठी पिता आले नसते, भावजी. साडेदहानंतर उघड्यावर घोट घेतला तर हजार डॉलरपर्यंत दंड आहे.’’

त्यांनी मनातल्या मनात हजाराचे रुपये केले. साठ हजारांच्या वर आकडा गेल्यावर गडी गप्प झाला आणि उसाच्या रसावर समाधान मानलं.

इथे राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाकडे पाहुण्यांचा असा एखादा किस्सा असतोच. भारतात हा अंक वाचणाऱ्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०१५ पासून सिंगापूरमध्ये रात्री १०.३० ते सकाळी ७ या वेळात सार्वजनिक जागी दारू पिणं हा गुन्हा आहे. रस्ता, बाग, समुद्रकिनारा, इतकंच काय, आपल्या इमारतीच्या खालची मोकळी जागा, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तीही सार्वजनिकच. याच वेळात दुकानातून बाटली विकतही मिळत नाही. पहिल्या वेळी कमाल दंड १००० डॉलर, पुन्हा सापडलात तर २००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. स्वतःच्या घरात, परवाना असलेल्या हॉटेलात किंवा परवानगी घेतलेल्या कार्यक्रमात मात्र आडकाठी नाही.

लिटल इंडिया आणि गेलांग या दोन भागांना नियम अधिक कडक आहेत. तिथे शनिवारी सकाळी ७ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत उघड्यावर पिण्याला पूर्ण बंदी असते. सार्वजनिक सुट्टी असेल तर आदल्या संध्याकाळी ७ पासूनच बंदी सुरू होते. दीपावलीची इथे सरकारी सुट्टी असते. म्हणजे सेरंगून रोडवर दिव्यांच्या कमानी लखलखत असतात आणि आपण झेंडूची फुलं, पणत्या, रांगोळी घ्यायला गर्दीत घुसलेलो असतो, तेव्हा त्या रस्त्यांवर हा नियम लागू असतो. आपल्यापैकी किती जणांच्या ते लक्षात येतं? माझ्या तरी आलं नव्हतं. आपल्याला त्याची गरजच पडत नाही.

हा कायदा आला त्यामागे एक रविवारची रात्र आहे. ८ डिसेंबर २०१३ रोजी लिटल इंडियात रेसकोर्स रोडवर एका खासगी बसखाली सापडून तामिळनाडूचा ३३ वर्षांचा बांधकाम मजूर ठार झाला. सुट्टी संपवून मजुरांच्या वसाहतीकडे परतणाऱ्यांची ती बस होती. जमाव भडकला. सुमारे ३०० जणांनी दगडफेक केली, पोलिसांच्या गाड्या उलटवल्या, रुग्णवाहिकाही पेटवली. चाळीसहून अधिक वर्षांत सिंगापूरने अशी दंगल पाहिली नव्हती. माजी न्यायमूर्ती जी. पन्नीर सेल्वम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१४ च्या जून महिन्यात आला. मजुरांच्या राहण्या-काम करण्याच्या परिस्थितीवरचा असंतोष हे दंगलीचं कारण नव्हतं, असं समितीने म्हटलं. अपघात, त्याबद्दलचा गैरसमज आणि जमावाची मानसिकता यांबरोबर दारूची नशा हे एक कारण असल्याचं तिने नोंदवलं. पुढे देशभरासाठी हा कायदा झाला.

२०१७ मध्ये इथे आल्यावर मी हे सगळं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. त्याला कारण आहे. मी वर्ध्याची. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून आमच्याकडे दारूबंदी होतीच. एम.ए. झाल्यावर मी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षिका म्हणून लागले. तिथे तेव्हा बंदी नव्हती. शाळेच्या वाटेवरच दुकान होतं. शिकवणीहून परतणाऱ्या मुली त्या वळणावर आल्या की एकमेकींचे हात धरून चालायच्या. सोमवारी गृहपाठ न केलेल्या मुलांना मी सुरुवातीला उभं करायची. नंतर करेनाशी झाले. रविवारी बापाने घरात काय केलं असेल, ते मुलांच्या तोंडावर दिसायचं.

दारूबंदीसाठी तिथल्या बायका वर्षानुवर्षं लढल्या होत्या. २०१० मध्ये त्या चिमूरहून नागपूरला विधानभवनाकडे पायी चालत गेल्या. अखेर बंदी आली तो दिवसही १ एप्रिल २०१५. सिंगापूरचा कायदा आणि चंद्रपूरची बंदी एकाच दिवशी सुरू झाली, हे मला इथे आल्यावर कळलं आणि मी चकित झाले. त्या दिवशी आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले होते.

पहिले काही महिने वाट मोकळी झाली. मुली मजेत बोलत घरी जायला लागल्या. मग हळूहळू मोटारसायकलवरून बाटल्या यायला लागल्या. किंमत दुप्पट झाली. पिणारा बाप प्यायचा तो प्यायचाच, आता वहीचे पैसेही त्यातच जायचे. आमच्या सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरात एकदा मला चार बाटल्या सापडल्या. पोचवायचे पन्नास रुपये मिळतात, असं तो खाली मान घालून म्हणाला. २०२१ मध्ये सरकारने अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं देऊन बंदी उठवली. ते वाचून पेढे वाटणाऱ्या मावशी आठवल्या आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

म्हणून इथला कायदा मला शहाणा वाटत आला. तो कुणाला ‘पिऊ नका’ म्हणत नाही. ‘इथे नको, आत्ता नको’ एवढंच म्हणतो. जेवढं पाळून घेता येईल तेवढंच मागतो, म्हणून पाळलाही जातो. रात्री अकरा वाजता माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी नाटकाची तालीम संपवून व्हॉइड डेकमधून चालत येतो आणि तिला माझा हात धरावा लागत नाही. त्या वळणावरच्या मुली आठवल्या की याचं मोल कळतं.

पण गेल्या दिवाळीत या समाधानाला एक चरा पडला.

दर रविवारी दुपारी मी एका स्वयंसेवी गटाबरोबर बांधकाम मजुरांना इंग्रजी शिकवते. वर्गात बहुतेक तमिळ आणि बांगलादेशी. एक जण मात्र आदिलाबादकडचा आहे, वय चाळिशीच्या आसपास. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून तो म्हणाला, ‘‘मॅडम, मराठी येते मले.’’ आदिलाबाद म्हणजे चंद्रपूरच्या सीमेपलीकडे. इतक्या दूर कुणी ‘मले’ म्हटलेलं ऐकून डोळ्यांत पाणीच आलं. मी चंद्रपुरात शिकवत होते हे कळल्यावर तो हसत म्हणाला, ‘‘तुमच्याकडं बंदी होती ना मॅडम, तवा आमच्या गावात रोज जत्रा भरे. सारी तुमचीच माणसं!’’

दीपावलीच्या आदल्या संध्याकाळी मुलीला घेऊन मी झेंडू आणायला गेले होते. साडेसात झाले असतील. रेसकोर्स रोडच्या बाजूला गवताच्या कडेला पाच-सहा जण वर्तमानपत्र पसरून बसले होते. मध्ये शेंगदाणे, मुरुक्कू आणि पिशवीत गुंडाळलेले दोन-तीन कॅन. दोन पोलीस आले. आवाज चढवला नाही, अपशब्द नाही. त्यांनी पाटी दाखवली, कॅन ओतून टाकायला सांगितले आणि ते होईपर्यंत उभे राहिले. कॅन ओतायला जो उठला तो आमचा आदिलाबादचा भाऊ होता. त्याची माझी नजरानजर झाली. मी हसायचा प्रयत्न केला. त्याने मान फिरवली.

त्याच रात्री आमच्या घरी ह्यांचे मित्र आले होते. चकल्या, चिवडा, बाल्कनीत वाइनचे ग्लास, मोठ्याने गप्पा. बारा वाजून गेले तरी बैठक मोडली नाही. कुणीही कायदा मोडला नव्हता. दिवस तोच, दिवाळी तीच. मधे फरक होता तो आमच्या दाराचा.

पुढचे दोन रविवार तो वर्गाला आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी निरोप पाठवला, ‘भाऊ, तुमची वही तपासून ठेवली आहे, न्यायला या.’ तो आला. वर्ग संपल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मी लई पेत नाही. तुमच्या पोरीनं पाहिलं, म्हणून लाज वाटली.’’

मी म्हटलं, ‘‘भाऊ, लाज कसली? आमच्याही घरी पितात.’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘तुमच्या घरी घर आहे ना.’’

मग त्याने सगळं सांगितलं. एका खोलीत बारा जण. वर्क परमिटवर येणाऱ्या मजुराला बायको-मुलांना इथे आणता येत नाही. अकरा वर्षांत त्याने घरची दिवाळी तीनदा पाहिली. त्याच्या गावाकडचे सहा जण सिंगापुरात आहेत, पण प्रत्येकाचा मालक वेगळा आणि वसाहत वेगळी, एक या टोकाला तर दुसरा त्या. ‘‘बसायला केंद्र बांधलं आहे तिकडं, चांगलं आहे. पण तिथं माझ्या गावचं कोणी नसते. भेटायचं तर इथंच. पैसे इथून पाठवतो, देऊळ इथं, भाजी इथं. कॅन काय हो मॅडम, कॅन असला तर माणूस दोन घंटे बसते. नाहीतर हातात काही नसताना रस्त्यावर कोण बसू देते?’’

मी शिक्षिका आहे, वर्गात उत्तर देण्याची सवय आहे. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. कायदा चुकला असं मला आजही वाटत नाही. त्या भागात राहणाऱ्यांनाही त्यांच्या मुलींना हात न धरता चालवत न्यायचं असतंच. आणि मी चंद्रपुरात जे पाहिलं आहे, त्यानंतर उघड्यावरच्या दारूची वकिली माझ्याकडून होणार नाही. पण ‘बाहेर नको, घरी जा’ असं सांगणारा प्रत्येक नियम समोरच्याला घर आहे असं गृहीत धरतो. आपल्याला ते आहे, म्हणून आपल्याला नियम सोपा जातो. साडेदहाचा काटा आपल्यासाठी पाहुण्यांना सांगायचा किस्सा होतो. त्याच्यासाठी मात्र तो आठवड्यातल्या एकुलत्या एका सुट्टीवर येऊन थांबतो.

त्यानंतर मी आणि आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी एक अगदी लहान गोष्ट केली. वर्ग चारला संपतो, पण खोली सातपर्यंत आमच्याकडे असते. आता आम्ही ती उघडी ठेवतो. पंखा असतो, खुर्च्या असतात, एका कोपऱ्यात पत्ते आणि कॅरम. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे मित्र आणावेत, वर्गात नाव नसलं तरी चालेल. पहिल्या रविवारी चौघे आले, परवा मोजले तर तेवीस होते. चहा, दूध, साखर याचा खर्च आम्ही वाटून घेतो. कुणाला घरातला जुना कॅरम बोर्ड द्यायचा असेल किंवा एखादा रविवार सांभाळायचा असेल तर मला जरूर सांगा.

यंदा दीपावलीच्या आदल्या संध्याकाळीही खोली मिळाली आहे. मी चकली आणि शंकरपाळे करणार आहे, चिवडा दुसरीकडून येतोय. आदिलाबादचा भाऊ त्याच्या सहाही गाववाल्यांना घेऊन येणार आहे. परवा जाता जाता त्याने दारातून विचारलं, ‘‘मॅडम, चहाच ना?’’

‘‘चहाच,’’ मी म्हटलं.

‘‘बरं,’’ तो म्हणाला आणि हसला. ‘‘पण मंग दोन-दोन कप लागतील. बसायचं आहे आम्हाले.’’