कौलाच्या पोटावर काय लिहिलंय?

मालवणातलं एखादं जुनं कौलारू घर तुझ्या ओळखीचं असेलच. पावसाळ्याआधी तिथे कौलं परततात. एकेक कौल काढून झाडायचं, फुटकं बदलायचं आणि पुन्हा बसवायचं. तेव्हा खाली उतरवलेलं एक चपटं मंगलोरी कौल मागून घे. दोन्ही हातांनी धर हं, चांगलं जड असतं!

आता ते उलटं कर. जळमटं फडक्याने पूस. अरेच्चा, अक्षरं! बोटाला लागतील अशी उठावदार! कारखान्याचं नाव, गावाचं नाव. नशीब जोरावर असेल तर 'बासेल मिशन' आणि १८६५ सुद्धा!

म्हणजे कौल १८६५ सालचं? फसगत झाली ना! ते कारखान्याच्या जन्माचं साल. त्या साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला नेत्रावतीकाठी कौलांचा कारखाना काढला. पुढे बनलेल्या कौलांवरही तेच साल उमटत राहिलं.

आणि कौलाची घडण? ती थेट फ्रान्सची! १८४१ साली तिथल्या जिलार्दोनी भावांनी एकमेकांत अडकणारं कौल शोधलं. कडेच्या खाचा बघ. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, म्हणून पाऊस आत शिरत नाही.

पण अक्षरं उमटतात कशी? मोदकाच्या साच्यात उकड दाबली की कळ्या आपोआप उमटतात ना? तशीच ओली माती साच्यात दाबतात. साच्यात अक्षरं उलटी, मातीवर सुलटी! मग भट्टी. मातीतल्या लोहामुळे कौल लालबुंद होतं.

आता आणखी गंमत ऐक. साच्याची ही युक्ती चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही होती! तिथली कौलं आपल्या गावठी नळ्यांसारखी. पागोळ्या गळतात तिथल्या शेवटच्या नळ्याच्या तोंडाला मातीची गोल चकती असायची. हान राजांच्या काळात तिच्यावर चक्क शुभेच्छा लिहीत, 'सुख कधी न सरो' अशा! काही चकत्यांवर दिशांचे राखणदार. पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला लाल पक्षी. आणि उत्तरेला? सापाने विळखा घातलेलं काळं कासव!

पुढे बीजिंगमध्ये बादशहाचा राजवाडा झाला. त्याची कौलं पिवळीधमक, कारण पिवळा रंग बादशहाचा. पण तिथल्या ग्रंथालयावर मात्र काळी कौलं. का बरं? ओळख पाहू!

चीनमध्ये काळा रंग पाण्याचा मानतात. आणि पुस्तकांना सगळ्यात मोठी भीती आगीची! म्हणून त्यांनी पुस्तकांच्या डोक्यावर रंगाचं पाणीच नेऊन ठेवलं. मला तर सगळ्या कौलांत हीच जास्त आवडतात!