शेजाऱ्याआधी पोचलेले चित्र

कापसाचा हंगाम भरात आला की यवतमाळच्या जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि मापाची पाळी येईपर्यंत ताटकळलेली माणसे मोबाइलवर जे समोर येईल ते पाहत बसतात. अशाच एका रांगेत एका तरुण शेतकऱ्याने मला दोन मिनिटांची एक चित्रफीत दाखविली. नकाशावर काळ्या रेषा पसरत गेल्या, धान्याच्या पोत्यांवरून उंदरांचे लोंढे धावले, लगेच दाढीधारी माणसांचे चेहरे आले आणि वरून कोणाचा तरी हिंदी आवाज जगातील साऱ्या अनर्थांचा ठपका त्यांच्यावर ठेवीत राहिला. "काकाजी, हे यहुदी म्हंजे कोन व्हय?" त्याने विचारले. त्याच्या प्रश्नात द्वेषाचा लवलेश नव्हता, आणि मला भय वाटले ते त्याचेच. कारण ज्या समाजाचा एकही माणूस त्याने पाहिला नव्हता, त्याची पहिली ओळख त्याच्या वैऱ्याने करून दिली होती.

ते उंदीर मी ओळखले. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यातील चित्रपट विभागाचा प्रमुख फ्रिट्झ हिपलर याने १९४० साली काढलेल्या 'डेर एविगे युडे' या प्रचारपटातील ते दृश्य होते. पोलंड पादाक्रांत केल्यावर लोड्झ आदी शहरांतील ज्यूंचे (म्हणजेच यहुद्यांचे), ज्यांना कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास नकार देण्याची सोयच उरली नव्हती अशांचे, चित्रण करण्यात आले आणि जेत्याच्या अमलाखालील त्यांचे दैन्य हाच जणू त्यांचा स्वभाव, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. याहून निलाजरी गोष्ट अशी की, पीटर लॉरे या ज्यू नटाने फ्रिट्झ लांग याच्या १९३१ च्या बोलपटात खुन्याची भूमिका केली होती, तिचा तुकडा कापून येथे जोडला. अभिनय पुराव्याच्या दप्तरात दाखल झाला! त्याच वर्षीचा 'युड स्युस' हा ज्यूद्वेष्टा कथापट एस.एस. आणि पोलिसांनी पाहावा, असा हुकूम खुद्द त्यांचा प्रमुख हिमलर याने काढला होता.

जर्मनीत असले प्रचारपट आज जाणकाराच्या प्रास्ताविकासह आणि चर्चेसहच दाखविले जातात. मोबाइलवर मात्र प्रास्ताविक करणारा कोणी नसतो. दुसऱ्या महायुद्धाचा दोष ज्यूंच्या माथी मारणारी, बारा तासांहून लांब अशी एक स्वीडिश मालिका २०१७ पासून फिरते आहे. तिचे नाव मी मुद्दामच देत नाही. ती सबंध पाहण्याइतकी सवड क्वचितच कोणाला असेल, पण टेलिग्रामवरून तिचे तुकडे सुटतात आणि त्यांना ना आगा उरतो ना पिछा. यूट्यूबने २०१९ मध्ये नाझी विचारसरणीच्या गौरवावर बंदी घातली. परंतु हटविलेल्या चित्रफितीचा जो डिजिटल ठसा यंत्र ध्यानात ठेवते, तो चौकट कापून, चित्र उलटे करून वा पडद्यावरूनच पुन्हा चित्रित करून चुकविता येतो, आणि त्या बंदीच्या झडतीत इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकांच्या चित्रफितीही प्रथम उडाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतील हाले येथे सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, चालून गेलेल्या इसमाने हल्ल्याचे थेट प्रक्षेपण केले. दार टिकले म्हणून आतील भाविक बचावले. बाहेर दोघांचा बळी गेला.

हे दूरचे वाटत असेल तर १ जुलै २०१८ चे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या सुमारास देशभर फिरणारी अपहरणाची एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तिचा खुलासा करणारा शेवट तेवढा कोणीतरी कापला होता.

त्या तरुणाला मी कोकणातले ज्यू, बेने इस्रायल सांगितले: अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागल्याची कथा जपणारे, घाण्यावर तेल गाळणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशा गावांवरून पडलेल्या आडनावांचे लोक. त्यांच्यातीलच सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे पुष्कळजण इस्रायलला गेले आणि तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

दिवेकर हे नाव ऐकून त्याने मोबाइल खिशात टाकला. रांग पुढे सरकली तसा तो गाडीकडे निघाला आणि मध्येच वळून म्हणाला, "पन शनवारी घानी बंद, तं गावातले लोकं तेल कुठून नेत?"