भाग १८ : परवडणारा राउटर कसा निवडायचा (आणि मी कुठे चुकलो)

ज्यांना कानात इअरफोन घालून निवांत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलतानाची 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलीत, बाकी जसंच्या तसं.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे: घरासाठी स्वस्तातला चांगला वायफाय राउटर कोणता घेऊ? एका मॉडेलचं नाव सांगून मला दोन मिनिटांत भाग संपवता आला असता. पण मी स्वतः असंच कुणालातरी नाव विचारून राउटर घेतला होता, आणि त्याचा भुर्दंड माझ्या आईला पडला. म्हणून आधी ती गोष्ट.

४,६०० रुपयांची चूक

आमचं घर चिपळूणजवळच्या गावात. जुनं, चिऱ्याचं, जाड भिंतींचं. फायबरची लाइन ओटीवर येते, तिथेच मीटरशेजारी कंपनीने दिलेला डबा आहे. आई निवृत्त शिक्षिका. ती माजघरात बसून संध्याकाळी सात ते आठ दहावीच्या आठ मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. त्या पैशांतून तिचा आणि बाबांचा औषधांचा खर्च निघतो.

कॉलवर तिचा आवाज तुटायचा. मी पुण्यात. रोज रात्री फोन: "अरे, आजपण दोनदा बंद पडलं. मुलं म्हणतात, बाई ऐकूच येत नाही."

मी काय केलं? सहा अँटेनांचा, ४,६०० रुपयांचा राउटर ऑनलाइन मागवून थेट घरी पाठवला. बाबांनी तो फोनवर मला विचारत विचारत ओटीवर डब्याच्या शेजारी लावला. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. त्या महिन्यात दोन मुलांनी क्लास सोडला.

गणपतीला घरी गेलो तेव्हा शांतपणे तपासलं. जे तपासायला दहा मिनिटं लागली, ते मी पैसे घालवायच्या आधी करायला हवं होतं. तेच आता तुम्हाला सांगतो.

आधी शोधा : दुखणं लाइनीत आहे की हवेत?

फोन घेऊन राउटरच्या अगदी जवळ उभे राहा, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग जिथे तुम्ही रोज बसता तिथे जाऊन पुन्हा करा. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर आकडा आला ९३. माजघरात आला ६.

म्हणजे लाइन ठणठणीत होती. सिग्नल चिऱ्याच्या भिंतींत मरत होता.

तुमच्याकडे राउटरशेजारीही स्पीड कमी येत असेल, तर लाइनीचा दोष असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉप असेल तर केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडून खात्री करा. तिथेही कमीच आला, तर नवा राउटर घेऊन काहीही होणार नाही. कंपनीकडे तक्रार करा आणि पैसे खिशात ठेवा.

अजून एक. व्हिडिओ कॉलला फार स्पीड लागत नाही, २ ते ४ एमबीपीएस पुरतात. मग माजघरात ६ असूनही आवाज का तुटायचा? कारण तो ६ स्थिर नव्हता. मी लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केलं, तर मधली मधली उत्तरं गायब. युट्यूब थोडं पुढचं आधीच साठवून ठेवतं, म्हणून तिथे हे कळत नाही. कॉलमध्ये साठवायला वेळच नसतो, तिथे लगेच कळतं. त्यामुळे १०० चा प्लॅन २०० चा करूनही आईचा आवाज तुटलाच असता.

जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज का?

मलाही तसंच वाटायचं. पण राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडायचा यावर सरकारी नियमांची मर्यादा असते. आणि समजा राउटर मोठ्याने ओरडला, तरी तुमच्या फोनला उत्तर द्यायचंच असतं ना? फोनचा आवाज लहान. त्याचं उत्तर परत पोचलं नाही तर वायफायच्या दांड्या दिसूनही उपयोग नाही.

लहरींचाही स्वभाव समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण हळू आणि गर्दीचा. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, गर्दी कमी, पण एक-दोन जाड भिंतींत दमतो. आमच्या माजघरात तो पोचतच नव्हता.

खोक्यावर काय वाचायचं?

राउटर घ्यायचाच ठरला, तर दुकानदार काय म्हणतो त्याआधी खोकं वाचा.

पहिलं, ड्युअल बँड आहे का? म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही. '३०० एमबीपीएस' एवढंच लिहिलेले सर्वांत स्वस्त राउटर सहसा फक्त २.४ चे असतात. शहरात बिल्डिंगमध्ये राहत असाल तर ते घेऊच नका. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारपाजारची वीस घरं त्या तिघांतच दाटीवाटीने बसलेली असतात.

दुसरं, एसी १२०० या आकड्याला भुलू नका. तो २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून, गोल करून लिहिलेला असतो. फोन एका वेळी साधारण एकाच पट्ट्यावर असतो, आणि प्रत्यक्षात त्या पट्ट्याच्याही आकड्याच्या बराच खाली मिळतो. १०० च्या प्लॅनला तेवढं भरपूर झालं.

तिसरं, आणि इथेच बरेच जण फसतात: पोर्ट. मागची केबलची भोकं गिगाबिट आहेत की १०/१०० ची? १०/१०० असतील तर वायफाय कितीही भारी असो, इंटरनेट ९५ च्या आसपास अडकणार. उदाहरण देतो. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी १२००. पण सी५० चे पोर्ट १०/१०० चे, सी६ चे गिगाबिट. १०० पर्यंतचा प्लॅन असेल आणि पुढे वाढवायचा नसेल तर पहिल्या प्रकारचा चालेल. २०० किंवा ३०० चा प्लॅन असेल तर गिगाबिटच घ्या, नाहीतर दर महिन्याला पैसे भरून अर्धा किंवा त्याहून जास्त स्पीड वाया.

चौथं, तुमच्या लाइनीला जुळणारा आहे का? फायबरच्या डब्यातून किंवा केबलवाल्याकडून येणाऱ्या लॅन केबलसाठी साधा राउटर लागतो. 'एडीएसएल' किंवा 'व्हीडीएसएल मोडेम राउटर' हे जुन्या टेलिफोन तारेसाठी असतात. चांगली सूट दिसली म्हणून ते उचलू नका.

पाचवं, अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आणि डब्ल्यूपीए३ सुरक्षा आहे का ते बघा. पहिल्याचा उपयोग पुढे सांगतो.

आणि वायफाय ६? बऱ्याच उपकरणांच्या गर्दीत तो बरा चालतो, पण फायदा मिळायला तुमचा फोनही वायफाय ६ चा हवा. फरक चार-पाचशे रुपयांचा असेल तर जरूर घ्या. दुप्पट पैसे मोजू नका.

जागा फुकट आहे, ती आधी बदला

टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाशेजारी किंवा जमिनीवर राउटर ठेवू नका. घराच्या शक्य तितक्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. छोट्या फ्लॅटमध्ये एवढ्यानेच काम होऊन जातं.

आमच्याकडे एवढ्याने भागलं नाही, कारण डबा ओटीवरून हलवता येत नव्हता. लोक अशा वेळी रिपीटर घेतात. पण साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि तेच पुढे सांगतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. शिवाय त्याच्यापर्यंतच सिग्नल लंगडत आला, तर तो पुढे काय देणार?

मी २० मीटर लॅन केबल आणली, ओटीवरच्या डब्यापासून माळ्यावरून माजघरापर्यंत ओढली, आणि तो ४,६०० चा राउटर तिथे नेऊन लावला. केबल आणि किरकोळ सामान मिळून साडेपाचशे रुपये. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, आणि आतली तार पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लवकर त्रास देते.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला. हे केलं नाही तर घरात दोन कारभारी होतात. इंटरनेट चालतं, पण एकीकडचा फोन दुसरीकडच्या टीव्हीला किंवा प्रिंटरला सापडत नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे आईचा फोन या खोलीतून त्या खोलीत आपोआप जोडला जातो.

माजघरातला नवा आकडा: ९१. पिंग एकही हरवला नाही.

एक गोष्ट कबूल करतो. त्या जागी दोन-सव्वादोन हजारांचा गिगाबिट राउटरही हेच काम करून गेला असता. वरचे पैसे मी अँटेनांना दिले.

शेवटच्या दोन गोष्टी

वीज गेली की राउटर बंद, मग फायबर असून काय फायदा? राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. राउटर १२ व्होल्टचा तर यूपीएस १२ व्होल्टचाच, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. कंपनीचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस लागेल, हे विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो होतो!

आणि राउटर लावल्यावर वायफायचा पासवर्ड बदलता, तसा सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्डही बदला. अपडेट आलं तर टाका.

आईचा क्लास आता नीट चालतो. सोडून गेलेली दोन मुलं मात्र परत आली नाहीत. त्यांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, त्यांनी दुसरीकडे सोय केली. आई त्यावर काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी काही घ्यायच्या आधी एकदा घरी ये."

तर तुम्हीही आज एवढंच करा. राउटरजवळ एक आणि तुमच्या बसायच्या जागी एक, अशी दोनदा स्पीड टेस्ट घ्या. ते दोन आकडे, तुमचा प्लॅन आणि घर कसं आहे एवढं मला पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही घरं घेऊन बोलू, कुणाला राउटर लागेल आणि कुणाला नुसती केबल. भेटू!