गावचं तूप दुबईच्या दुकानात : आधी कागद, मग डबा

रत्नागिरी, रायगडमधल्या कित्येक मुस्लिम घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. सुट्टी संपवून परत निघणाऱ्याच्या सामानात तुपाचा डबा हमखास जातो. मग एक दिवस तिकडून मेहुण्याचा फोन येतो : असलं कणीदार तूप इथे मिळत नाही, दोनशे डबे पाठवा, ओळखीच्या दुकानात ठेवू. कल्पना चांगली आहे. पण घरची बचत त्यात घालण्याआधी एवढं समजून घ्या की स्वतः खायला नेलेला डबा आणि विकायला पाठवलेला माल कायद्याला सारखा नाही. दोनशे डबे म्हणजे आयात. त्यात तूप हा जनावरापासून मिळणारा पदार्थ, म्हणून तपासणीही जास्त. दुबईचं उदाहरण घेऊन आम्ही ही वाट सांगतो.

सुरुवात आपल्याकडूनच होते. फूड सेफ्टीचं म्हणजे एफएसएसएआयचं लायसन्स, परदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी लागते. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते निर्यात तपासणी परिषदेचं. दुधाच्या पदार्थांच्या निर्यातीवर या परिषदेची देखरेख असते, तिची एक एजन्सी मुंबईत आहे, आणि आरोग्य दाखल्याचा विषय तिथे निघतो. तूप कोणत्या जागेत बनलं, हा तिथला पहिला प्रश्न. घरच्या चुलीवर कढवलेलं तूप कितीही शुद्ध असो, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून छोट्या कुटुंबांना आमचा सल्ला असा की स्वतःचा कारखाना काढण्याच्या भानगडीत न पडता आधी मान्यताप्राप्त डेअरीकडून माल बनवून घेता येतो का ते पाहा.

आता तूप म्हणजे नेमकं काय? जगभरच्या व्यापारात कोडेक्सचं प्रमाण धरतात. त्यानुसार तुपात दुधाची चरबी किमान 99.6 टक्के हवी. मोकळी आम्लं 0.4 टक्क्यांच्या वर नसावीत, अशीही एक मर्यादा व्यापाऱ्यांनी आपसात पाळण्यासाठी दिलेली आहे. आपल्या घरगुती पद्धतीची अडचण इथे होते. आठवडाभर साठवलेल्या लोण्याचं तूप चवीला झकास लागतं, पण लोणी जितकं जुनं आणि आंबट तितकी ही आम्लं वाढत जातात. खाणाऱ्याला जो खमंगपणा वाटतो, तो लॅबच्या कागदावर दोष म्हणून उमटू शकतो.

विदर्भ-मराठवाड्यातून माल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचे आकडे वेगळे येतात. भेसळ ओळखायला जे रायकर्ट-माइसल मूल्य बघतात ते कमी भरतं, आणि बीआर रीडिंग वर जातं. वनस्पती तूप मिसळलं तरी आकडे साधारण तिकडेच झुकतात. म्हणजे एक थेंब भेसळ नसताना माणूस संशयात सापडतो! आपल्या जुन्या भेसळ कायद्यात कापूस पट्ट्यासाठी वेगळे आकडे होते ते याचमुळे. परदेशातल्या लॅबने हे गृहीत धरावं अशी अपेक्षा करू नका. माल निघण्याआधी त्याच बॅचची तपासणी करून घ्या आणि सीलबंद नमुना स्वतःजवळ ठेवा.

दुबईत आयातदार तिथली परवानाधारक कंपनीच हवी, मेहुणा नुसता नोकरीला असून भागत नाही. त्या कंपनीला माल पोहोचण्याआधी दुबई म्युनिसिपालिटीकडे पदार्थाची आणि लेबलची नोंद करावी लागते. लेबलवर अरबी मजकूर सक्तीचा आहे. बाकी मजकुराचं अरबी स्टिकर चालून जातं, पण उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख उत्पादकाने डब्यावरच न पुसणाऱ्या शाईने छापलेली असावी लागते. तारखेचं वेगळं स्टिकर म्हणजे कुणीतरी मुदत बदलली असा अर्थ निघतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोनशे डबे भरून झाल्यावर त्यावर इलाज उरत नाही.

नावाचंही बघा. तिकडे तुपाला 'समन' म्हणतात, पण वनस्पतीपासून केलेल्यालाही 'समन नबाती' म्हणतात. आपला माल दुधाचा आहे, गाईचा की म्हशीचा, हे अरबीत स्पष्ट हवं. हे भाषांतर फोनवरच्या ॲपवर सोडू नये.

हलालचा प्रश्न वाचक हमखास विचारतात. गाई-म्हशीच्या दुधाचं शुद्ध तूप मुळात हलालच. पण डब्यावर हलालचं चिन्ह छापलं की तो दावा होतो, आणि दाव्यामागे अमिरातीत मान्य असलेल्या संस्थेचा दाखला लागतो. मोहल्ल्यातल्या ओळखीच्या मौलाना साहेबांची चिठ्ठी तिथे कामी येत नाही. स्वाद, रंग किंवा जीवनसत्त्वं घातलेलं तूप असेल तर त्या प्रत्येक घटकाचा उगमही सांगावा लागेल.

अमिरातीत आयातीवर साधारणपणे माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या किमतीच्या 5 टक्के जकात बसते. भारत-अमिराती करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्याची सवलत आपल्या मालाला आहे का, हे आयातदाराला कस्टम एजंटकडून लेखी विचारायला सांगा. सवलत असेल तर मूळ देशाचा दाखला माल निघण्याआधीच काढून ठेवा.

राहिला व्यवहार. माल बंदरात अडकला तर तो परत आणायचा की नष्ट करायचा, आणि तो खर्च कुणी सोसायचा? समोरचा सख्खा मेहुणा असला तरी हे आधी कागदावर येऊ द्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद खुद्द कुरआनने दिलेली आहे, तेव्हा त्यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि पहिली खेप दोनशेची नको, वीस डब्यांची पाठवा.