उरलेला बर्फ आणि एकटा वाटसरू

आपण येथे चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत व्याख्याने ऐकत असतो, त्याच दिवसांत हिमाचल प्रदेशातील धौलाधार पर्वताच्या घळींतून हिवाळ्याचा बर्फ अजून पडून असतो. सुटीत तिकडे जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांत सिंहगड-राजगड पायाखाली घातलेला एखादा तरुण असतो. तो सोबत्यांना मुक्कामावर ठेवतो आणि एकट्याने दिवसभरात वर जाऊन यावयाचे ठरवितो. त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्ही म्हणणार नाही. डोंगरात एकट्याने चालण्याचे सुख दहाजणांच्या गलक्यात मिळत नाही, हे आम्हास मान्य आहे. परंतु सह्याद्रीने त्याला लावलेली एक सवय तेथे घातक ठरते. पावसाळ्यातले ओढे सोडले, तर सह्याद्रीत ज्या वाटेने वर गेलो तीच वाट परतीला भेटते. बर्फात तसे नाही. सकाळची वाट दुपारी जागेवर असते, पण तीच राहिलेली नसते.

प्रथम जागा पाहू. धरमशाळेच्या वरचे मॅक्लिऑडगंज सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. त्याच्या वर त्रिऊंडची धार सुमारे २८५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ १२०० मीटर उंच. मे महिन्यात तेथवर वाट बहुधा कोरडी असते. पुढे लाका गोटाच्या बाजूस चढू लागले म्हणजे घळींतून पांढरे पट्टे दिसू लागतात, आणि ४३४२ मीटरवरील इंद्रहार खिंडीच्या अंगाला ते एकमेकांत मिसळतात. ही खिंड ओलांडून गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप चंब्याकडे नेतात. एकट्या नवख्याने मात्र त्या खिंडीचा विचार करू नये. एका दिवसासाठी लाका गोटाजवळचे पहिले पट्टे पुष्कळ झाले.

आता, उन्हाळ्यात बर्फ टिकतो कसा? वितळणे हे फार खर्चाचे काम आहे. एक ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी व्हावयास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत ते एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सियसपर्यंत तापले असते. शिवाय पांढऱ्या रंगामुळे आलेल्या उन्हाचा बराच भाग बर्फ परत फेकतो. त्यातून घळीतला साठा नुसता आकाशातून पडलेला नसतो. हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या उतारांवरून कोसळलेले लोट तेथे दाबून बसलेले असतात, आणि वर कड्याची सावली असते.

या पदार्थाला आपल्या भाषेत शब्दही धड नाहीत. ‘बर्फ’ हा फारसीतून आलेला एकच शब्द आपण रसवंतीतल्या लादीलाही वापरतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीलाही. ताजी भुरभुर एका घनमीटरास सुमारे १०० किलो भरते. वसंतातला जुना बर्फ ४०० ते ५०० किलो. रोज थोडे वितळून व पुन्हा गोठून त्याचे साबुदाण्यासारखे दाणे झालेले असतात. हे दाणे एकमेकांना घट्ट धरून आहेत की पाण्याने सुटे झाले आहेत, यावर चालणाऱ्याचे सारे भवितव्य अवलंबून असते.

रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग असले तर ते गोधडीसारखे वर पसरतात आणि बर्फ नीट गोठत नाही. म्हणून पहाटे निघण्यापूर्वी ‘रात्री थंडी किती होती?’ यापेक्षा ‘रात्री चांदण्या दिसत होत्या काय?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

निरभ्र रात्रीनंतर सकाळी पृष्ठभाग फरशीसारखा कडक असतो. बूट रुतत नाही, आणि उभ्या उतारावर पाय निसटला तर काही क्षणांतच माणसाला आवरता येणार नाही असा वेग येतो. पट्टा लहान दिसतो म्हणून फसू नये. तो खाली कोठे संपतो ते आधी पाहावे. गवतावर संपत असेल तर एक गोष्ट, दगडांवर संपत असेल तर दुसरी. ऊन लागून तास-दोन तास झाले म्हणजे वरचा थर बोटभर मऊ होतो, टाच रुतते, आणि चालणे आनंदाचे होते. ही उत्तम घटका फार वेळ टिकत नाही. दुपारी तोच पट्टा गुडघाभर रुतू लागतो. काळे दगड ऊन पिऊन भोवतालचा बर्फ आतून वितळवितात, त्यामुळे दगडाशेजारी पोकळी असते. नेमके तेथेच आधारासाठी पाय टाकण्याचा मोह होतो. उभ्या उतारावरचा ओला थर याच वेळी घसरतो, आणि बर्फाने धरून ठेवलेले दगड सुटून घळीतून खाली येतात.

सर्वांत कपटी म्हणजे घळीतला बर्फाचा पूल. खालून ओढा वाहत असतो व बर्फाला पोटातून खात असतो. वरून मात्र सपाट पांढरे अंगण दिसते. पायाखालून पाण्याचा आवाज येणे, मध्यभाग खचलेला किंवा करडा दिसणे, ही त्याची लक्षणे. सकाळी गोठलेली कमान माणसाचे वजन पेलते, दुपारी पेलेलच असे नाही. दिवसभरच्या वितळण्याने खालचे पाणीही वाढलेले असते. दोघे असतील तर एक काठावर थांबतो. एकट्याचा काठ रिकामा असतो. म्हणून जी गोष्ट दोघांनी काठीने चाचपून पाहावी, तेथून एकट्याने मागे फिरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा परतीची मर्यादा घड्याळावर ठरवावी, ठिकाणावर नव्हे. बारा वाजण्यापूर्वी बर्फाचा शेवटचा पट्टा उतरलेला असावा. ठरलेले ठिकाण दोनशे पावलांवर दिसत असले तरी. दुपारनंतर धौलाधारवर ढग जमून गारा कोसळणे नेहमीचे आहे, हेही एक कारण. वाट कोणती, परतणार केव्हा, आणि न परतल्यास कोणाला कळवावयाचे, हे मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवावे. घळीत मोबाइल चालेल या भरवशावर राहू नये. प्रशासनाने वरची वाट बंद ठेवली असेल तर त्या दिवशी त्रिऊंडवरूनच बर्फ पाहावा. तेथून तो सुंदर दिसतो.

डोळ्यांवर कडेनेही बंद असा काळा चष्मा हवा. बर्फाच्या झगझगाटाने डोळे भाजतात, पण ते त्याच वेळी कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. शिट्टीही हवी. मिनिटात सहा वेळा वाजवावी, एक मिनिट थांबावे, पुन्हा वाजवावी. ऐकणारा मिनिटात तीन वेळा उत्तर देतो. आल्प्समधील गिर्यारोहकांत १८९४ पासून ही खूण चालत आली आहे. ती शिट्टी गळ्यात बांधावी, पिशवीत ठेवू नये. घसरताना पिशवी आपल्याबरोबरच थांबेल असे नाही.