बाळ अजून बसत नाही?

तान्ह्या मुलाने मान कधी धरली, पालथे कधी पडले, पहिले पाऊल कधी टाकले, यावर सबंध घराचा डोळा असतो. शेजारच्या बिऱ्हाडातले मूल सातव्या महिन्यात बसू लागते आणि आपले दहावा लागला तरी लोडाला टेकविल्यावाचून बसत नाही, हे सर्वांच्या आधी आईच्या ध्यानात येते. ती ते बोलून दाखविते, आणि उत्तर ठरलेले असते. "अगं, अंगाने जड आहे तो. त्याचा बाप तरी कुठे लवकर चालला?" आई गप्प होते, शंका मात्र गप्प होत नाही.

या उत्तरात तथ्य मुळीच नसते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून असे दिसते, की निरोगी मूल आधाराशिवाय बसते ते सुमारे चार ते सव्वानऊ महिन्यांच्या दरम्यान. स्वतःच्या पायांनी चालू लागते ते सुमारे आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. शंभरांतली चारेक मुले तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत, आणि तरीही पुढे नीट चालतात. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून जीव घाबरा करण्याचे कारण नाही. पण या मर्यादेला दुसरे टोकही आहे, आणि ते ओलांडल्यावर "चालेल हळूहळू" म्हणणे बरे नव्हे.

थांबायचे कुठवर?

चार महिने पुरे झाले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झाले तरी चालत नाही, अशा वेळी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. काही खुणांना तर वयाचीही वाट पाहू नये. अंग लाकडासारखे ताठ असणे किंवा कापडी बाहुलीसारखे सैल पडणे, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहणे, या त्या खुणा. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर एक दिवसही दवडू नये.

मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर हिशेब निराळा करावा. दोन महिने आधी जन्मलेल्या आठ महिन्यांच्या बाळाकडून सहा महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा धरावी.

प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइडची उणीव, मुडदूस, निखळलेला खुबा, स्नायूंचा किंवा मेंदूचा विकार, अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतल्या काहींवर खास उपाय आहेत. तपासण्यांना वेळ लागतो, कधी रोगाचे नावही लवकर ठरत नाही. पण फिजिओथेरपी त्या नावासाठी अडून राहू नये. पहिल्या दोन वर्षांत मेंदू शिकायला सर्वांत तयार असतो. शिवाय ताठ स्नायू वेळीच सांभाळले नाहीत, तर पुढे ते आखडतात आणि खुबा सरकण्याची भीती असते.

व्यायाम म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी, की फिजिओथेरपिस्ट मुलाचे हातपाय धरून हलविणार आणि मूल 'बरे' होणार. तसे नाही. पहिल्या भेटीत चांगला फिजिओथेरपिस्ट बराच वेळ नुसते पाहत असतो: मूल कुणीकडे वळते, कशासाठी धडपडते, कुठे अडते. मग तो आईलाच शिकवितो. जागेपणी सतरंजीवर पालथे ठेवावे. खुळखुळा हातात न देता थोडा बाजूला धरावा, म्हणजे बाळ वळून हात पुढे करील. बसविताना काखेत न धरता कमरेशी आधार द्यावा आणि पाठीचे काम पाठीलाच करू द्यावे. पुढे खेळणे चौरंगावर ठेवावे, म्हणजे उभे राहण्याची ओढ लागेल. धडपड मुलाची स्वतःची असली, तरच शरीर शिकते.

आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास उपचार झाला, तरी बाकीचे सारे तास घरचेच असतात. म्हणून वडिलांनी आणि आजी-आजोबांनीही ही रीत शिकून घ्यावी. मालीश जरूर करावे, त्याने बाळ सुखावते, पण मालिशीने बसता येत नाही. बाळाला आत बसविण्याचा चाकांचा वॉकर मात्र आणूच नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पडून दुखापती होतात. कॅनडाने तर २००४ साली त्यावर बंदीच घातली.

मुंबईला या कामाची जुनी परंपरा आहे. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली येथे अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. १९५५ साली हाजीअलीची पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली, तीही आपल्या मुलीच्या अनुभवातून. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, पण या विद्येची गरज सरली नाही. २०१३ साली सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची विनामूल्य तपासणी होते, आणि विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

उपचाराने प्रत्येक मूल धावू लागेल असे वचन कोणी देऊ नये, आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. काही मुले थोड्याच महिन्यांत बरोबरीच्या मुलांना गाठतात. काहींना पट्टे किंवा चाकाची खुर्ची लागते. पण पाटापुढे ताठ बसून स्वतःच्या हाताने घास घेता येणे, ही त्या घरातली लहान गोष्ट नसते.

आणि एक. "गरोदरपणी तूच काही केले असशील" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. आईची शंका ऐकून घ्यावी आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल इतकेच. खरी ठरली, तर बाळाचे मोलाचे महिने वाचतील.